दगड उभा राहीपर्यंत

आईने पैशांचं पाकीट कोयच्या शर्टाच्या खिशात स्वतःच्या हाताने घातलं, वरून बटण लावलं आणि खिशावर एकदा थापटलं.

"सरळ क्राउसकडे जा," ती म्हणाली. "दगड साधाच सांग. नाव आणि दोन तारखा. देवदूत नकोत, फुलं नकोत. वेल्डनला नटवलेलं काही आवडायचं नाही."

"बरं, आई."

"आणि परत यायची सोय आधी बघून ठेव. पश्चिमेकडचं आभाळ मला बरं दिसत नाही."

कोय निघाला. पायांत थोरल्या भावाचे, वेल्डनचे, बूट होते. ते मोठे व्हायचे म्हणून त्याने पुढे कापूस कोंबला होता. वेल्डनला पुरून पंधरवडाही झाला नव्हता आणि थडग्यावरची लाकडी पाटी वाऱ्याने दोनदा पाडली होती. दोन्ही वेळा कोयनेच जाऊन ती उभी केली, आणि दोन्ही वेळा जवळपास कुणी नाही हे पाहून पाटीला शिव्या घातल्या. रडायला त्याला जमत नव्हतं, शिव्या जमत होत्या.

पश्चिम टेक्सासच्या त्या भागात पाऊस फिरकला नव्हता त्याला चौथं वर्ष लागलं होतं. कापसाची शेतं नुसती उघडी पडून होती आणि वारा सुटला की अख्खी शेतंच्या शेतं उठून चालू लागत. लोकांनी मोटारींच्या मागे लोखंडी साखळ्या बांधल्या होत्या, रस्त्यावर घासत जातील अशा. धुळीच्या वादळात लोखंडात वीज भरते. साखळीवाटे ती जमिनीत उतरली नाही तर गाडी जागच्या जागी बंद पडते. त्यामुळे गाडी दिसायच्या आधी तिची साखळी ऐकू यायची, आणि कुणाची गाडी ते पोरंसोरंही आवाजावरून सांगत. वेल्डनच्या काळ्या हडसनची साखळी कोयनेच बांधली होती. तिची एक कडी तुटकी होती. खळ्, खळ्, ठण्. असा तिचा आवाज.

ती हडसन आज डॉमिनो हॉलसमोर उभी होती.

शेजाऱ्याच्या ट्रकमधून कोय तिथेच उतरला. क्राउसचं थडग्यांच्या दगडांचं आवार रस्त्याच्या पार टोकाला होतं. तो गाडीकडे बघत उभा राहिला. वेल्डन ती इथेच, पत्त्यांच्या शेवटच्या डावात, ग्रेडी टीगकडे हरला होता, तेही वादळ चालू असताना. मग तो पायी निघाला. दुसऱ्या दिवशी तो काटेरी कुंपणाशी सापडला, तोंडात आणि छातीत माती भरलेली. धुळीत दिसेनासं झालं की माणसं कुंपणाची तार धरून घर गाठतात. वेल्डननेही तार धरलेली होती. पण तो घराकडे नाही, उलट्या दिशेला चालला होता.

कोयने बटण उघडून पाकीट हातात घेतलं आणि हॉलचं दार लोटलं.

पुढच्या खोलीतली डॉमिनोची टेबलं रिकामी होती. मागच्या खोलीत हिरव्या कापडाच्या गोल टेबलाशी तिघं बसलेले होते. पत्ते वाटत होत्या हॉलच्या मालकीण, मिस ओलीटा. त्या स्वतः कधी खेळत नसत. त्यांच्या डाव्या हाताला म्हातारा हार्लन, त्याच्या पलीकडे कापसाच्या गिरणीचा मालक ग्रेडी टीग. त्यानंतर एक रिकामी खुर्ची, आणि त्या रिकाम्या खुर्चीपुढेही दोन पत्ते पालथे पडलेले.

"या, धाकटे प्रुइट," टीग म्हणाला. "गाडीला डोळ्यांनी चाटून झालं का?"

"मला ती परत पाहिजे."

"मलाही माझे केस परत पाहिजेत. देतंय का कुणी?"

हार्लन खोकल्यासारखं हसला. मिस ओलीटा हसल्या नाहीत. त्यांची नजर पाकिटावर होती. "बाळा, त्यात काय आहे?"

"वेल्डनचा दगड."

"मग तो खिशात ठेव आणि क्राउसकडे जा. इथली रीत ठाऊक आहे ना तुला? दगड उभा राहीपर्यंत मेलेल्याची खुर्ची त्याचीच. रोज त्याला पत्ते वाटायचे. रोज त्याच्या वतीने मी टेबल ठोकायचं." त्यांनी बोटाच्या पेराने कापडावर दोनदा ठोकलं. त्या टेबलावर दोन ठोके म्हणजे मी नाही, डाव सोडला. "दगड बसला की तो मोकळा होतो. त्याला उठू दे आता, बाळा. थकला असेल."

"आधी गाडी," कोय म्हणाला, आणि रिकाम्या खुर्चीच्या पलीकडची जागा धरून बसला.

टीगने खांदे उडवले. "प्रुइटांची घाई. चालू दे."

खेळ त्या मुलखातला होता. हातात दोन पत्ते झाकलेले, टेबलावर एकेक करून पाच उघडे, ते सगळ्यांचे. कोयला तो वेल्डननेच शिकवला होता, गोठ्यामागे, उलट्या बादलीवर. "तुझा हात चांगला आहे," वेल्डन म्हणायचा, "डोकं वाईट आहे. गोठ्यातल्या घोड्यालाही कळतं तू कधी तापलास ते. कोंडीत सापडलास की हात टेबलावर पालथा ठेव आणि तीन गोष्टी विचार. समोरचा काय सांगतोय? ते त्याच्या आधीच्या खेळाशी जुळतं का? आणि हरलास, तर घरी कसा जाशील?"

"तिसऱ्याचा पत्त्यांशी काय संबंध?" कोयने तेव्हा विचारलं होतं.

वेल्डनने किडक्या दाढेखालची लवंग दुसऱ्या गालात सरकवली होती. "त्याचाच तर संबंध आहे, गाढवा. घरची वाट दिसत असली की माणूस नीट विचार करतो."

कोय तसं खेळू लागला, पाकिटाला न शिवता, स्वतःच्या खिशातल्या चिल्लरीवर. वाईट हात सोडून दिले. दर डावात खुर्चीची पाळी आली की मिस ओलीटा दोनदा ठोकत आणि पुटपुटत, "वेल्डन नाही म्हणतो." कोय दर वेळी दुसरीकडे बघे.

खिडकीतला उजेड आधी पिवळा झाला, मग विटकरी. वारा पडला. पाखरांचा एक मोठा थवा छपरावरून ओरडत पूर्वेला गेला आणि पाठोपाठ धुळीची भिंत आली. आवाज न करता आली. भर दुपारी खोली काळी झाली. दिवा एकदा फडफडून गेला. मिस ओलीटांनी रॉकेलचा कंदील लावला, चादरी भिजवून खिडक्यांवर टाकल्या, तरी धूळ धुरासारखी आत झिरपत राहिली. दातांखाली कचकच. नाकात जुन्या, बंद तळघराचा वास. दाराच्या कडीवर बारीक निळी ठिणगी चमकून विझली.

"असंच होतं त्या दिवशी," हार्लन हळूच म्हणाला.

कोयने मान वर केली. "त्या दिवशी काय झालं? मला कुणी सांगितलंच नाही. वेल्डन घाईने कधी खेळत नसे."

टीग पत्त्यांच्या कडा चाचपत राहिला.

"सांगा ना."

"त्याचा हात वाईट होता," शेवटी हार्लन बोलला. "सोडायलाच निघाला होता तो. मग एकदम दाराकडे बघायला लागला. म्हणाला, 'कोय आलाय. बाहेर आहे पोरगा. हाक मारतोय...' आणि गाडीची किल्ली पुढे लोटून दिली. काय येतंय ते बघायलाही थांबला नाही. डाव संपवून मोकळा व्हायचं होतं त्याला. मी म्हटलं, थांब, वादळ जाऊ दे. तो म्हणाला, 'माझा भाऊ बाहेर गुदमरतोय.'"

"मी घरी होतो." कोयचा आवाज त्यालाच परका वाटला. "दिवसभर घरीच होतो... आईजवळ."

"ठाऊक आहे," मिस ओलीटा म्हणाल्या. "म्हणून तर कुणी सांगितलं नाही."

बाहेर, वाऱ्याच्या घोंघावण्याखालून, काहीतरी घासत गेलं. खळ्... खळ्... ठण्.

"वाऱ्याने हलते साखळी," टीग घाईने म्हणाला. "वाटा हो, वाटा."

मिस ओलीटांनी पत्ते वाटले.

कोयने कोपरा उचलून पाहिलं. दोन राजे. टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले: बदामचा राजा, बदामची नश्शी, इस्पिकची चौकी. तीन राजे झाले. हार्लनने पत्ते टाकले. कोयने बोली वाढवली. टीगने नुसती भरली. चौथा पत्ता किलवरची दुरी. कोयने पुन्हा वाढवली. टीगने पुन्हा नुसती भरली, चूपचाप, कंदिलाकडे बघत.

पाचवा पत्ता उघडला. बदामची अठ्ठी.

टीगने खिशातून हडसनची किल्ली काढली आणि मधोमध ठेवली. "गाडी," तो म्हणाला. "तुझ्या पाकिटासमोर. पाकीट आहे तस्संच."

कंदिलाची ज्योत खाली दबली. मिस ओलीटा एका हाताने कंदील धरून दुसऱ्याने वात वर करत होत्या, आणि तेव्हाच ते झालं.

ठक. ठक.

आवाज रिकाम्या खुर्चीपुढून आला. सगळ्यांनी मिस ओलीटांचे हात पाहिले. दोन्ही कंदिलावर होते.

"कुणी केलं?" टीग म्हणाला. "थट्टा नको, हां..."

लवंगेचा वास आला. धुळीच्या त्या वासातून स्पष्ट, ओलसर, दाढेखालच्या लवंगेचा.

आणि त्याच वेळी बाहेरून, अगदी भिंतीला लागून, वेल्डनचा आवाज आला. "कोय... चल ना रे. किल्ली उचल आणि ये. घरी सोडतो तुला."

कोयच्या घशातून हुंदका बाहेर पडला. पंधरवडाभर न आलेलं रडू एकदम डोळ्यांत आलं. किल्ली समोर होती. पाकीट पुढे लोटायचं, पत्ते उघडायचे, दारातून धावत जायचं. एवढंच. मातीत गाडलेला भाऊ बाहेर मोटार घेऊन उभा आहे. तीन राजे कुणी सोडतं का?

"कोय... लवकर. इथे श्वास घेता येत नाही..."

त्याचा हात पाकिटावर गेला. खुर्चीपुढे पुन्हा वाजलं. ठक. ठक. आता जोराने. पालथे पत्ते थरथरले.

एक वेल्डन आत. एक बाहेर. कोयला कळेना कुणाचं ऐकावं. मग त्याला आठवलं की वेल्डनने त्याला घाई कर असं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

त्याने हात पाकिटावरून काढला आणि कापडावर पालथा ठेवला. समोरचा काय सांगतोय? माझ्याकडे पाच बदाम आहेत, तीन राजांना भारी, असं सांगतोय. जुळतं का? जुळतं. सगळा डाव तो गप्प बसून एका बदामाची वाट बघत होता, आणि तो येताच जागा झाला. हरलो, तर घरी कसा जाईन?

कसाच नाही. आईकडे मोकळ्या हाताने, या वादळातून, पायी.

कोयने दोन राजे पालथेच पुढे सारले आणि टेबल दोनदा ठोकलं. "मी नाही."

बाहेरचा आवाज मधेच थांबला. कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा. लवंगेचा वासही हळूहळू विरला.

"शहाणा झालास की," टीगने किल्ली उचलली, पण त्याचं हसू अर्धवटच राहिलं. त्याने मान तिरकी केली. "लोरीन?"

"कोण लोरीन?" हार्लनने विचारलं.

"माझी पोरगी... बाहेर आहे ती. ऐकू येत नाही का तुम्हाला? पप्पा, पप्पा करतेय..."

"लोरीन तिच्या आईकडे आहे, ग्रेडी," मिस ओलीटा म्हणाल्या. "अमरिलोला. तूच सांगितलंस."

"तिला श्वास घेता येत नाहीये!" टीग उठला. खुर्ची मागे पडली.

कोयला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता वारा. तो बसून राहिला. हाच तो माणूस. ह्यानेच किल्ली खिशात घातली आणि वेल्डनला पायी जाऊ दिलं. जाऊ दे. नुसतं बसून राहायचं, दुसरं काही करायचं नाही. टीगचा हात कडीकडे गेला, ठिणगी उडाली, त्याने कडी सोडली नाही.

खुर्चीकडून काही आवाज आला नाही. ह्या वेळी कुणी ठोकून सांगणार नव्हतं.

"मिस्टर टीग, थांबा!" कोय ओरडला, आणि थांबायचं त्याचं लक्षण नाही म्हटल्यावर त्याने मागून झेप घेतली. दोघं जमिनीवर आदळले. टीग दुप्पट वजनाचा. त्याने कोयच्या तोंडावर कोपर मारलं, शिव्या दिल्या, पोरीच्या नावाने ओरडला. हार्लन त्याच्या पायांवर बसला. कोय छातीवर बसला आणि भावाच्या मोठ्या बुटांनी त्याचे हात दाबून धरले.

"सोड मला... ती मरतेय रे, सोड..."

"ती नाहीये तिथे," कोय म्हणत राहिला. नाकातून रक्त गळत होतं, डोळ्यांतून पाणी. "मीही नव्हतो. ऐकताय ना? मीही नव्हतो तिथे..."

टीग शेवटी लहान मुलासारखा रडू लागला.

वादळ गेलं तेव्हा उन्हं अजून बरीच होती. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. मिस ओलीटांनी अमरिलोला फोन लावला. लोरीन परसात दोरीवरच्या उड्या मारत होती. टीगने फोन ठेवला, किल्ली कोयच्या हातात कोंबली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "घेऊन जा. पायी नको जाऊस. आणि ह्याच्यावर कधी बोलायचं नाही."

"बरं, सर."

"चल." टीगने दार उघडून धरलं. "आधी तू. मानाने जा."

कोय बाहेर पडला. हडसन जागेवरच उभी होती. पण हॉलच्या भोवती, नव्याने पडलेल्या मऊ मातीत, साखळी घासल्याची रेघ उमटली होती. एकाच मापाने, फेऱ्यावर फेरी, भिंतीला चिकटून. चाकांचा माग कुठेच नव्हता. कोयने बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. लोखंड चुलीसारखं तापलेलं होतं.

तो तसाच गाडी चालवत क्राउसकडे गेला. वाटेत साखळी नीट वाजत होती, नेहमीसारखी, आणि त्याला बरं वाटलं. आता दगड सांगायचा. मग वेल्डन त्या टेबलावरून उठेल.

म्हातारा क्राउस आवारात दगडांवरची धूळ झटकत होता. "काय राहिलं सांगायचं?" त्याने विचारलं.

"सगळंच. आत्ताच तर येतोय मी."

"मघाशी आला होतास की. वादळात. दाराशी उभा होतास, अंधारात. मी म्हटलं आत ये, गुदमरशील, तर आला नाहीस." क्राउसने कोयच्या रक्ताळलेल्या नाकाकडे पाहिलं. "तोंड दिसलं नाही, पण आवाज तुझाच. तू एवढासा असल्यापासून ओळखतो ना मी तुला. दोन दगड सांगितलेस."

"दोन?"

"एक वेल्डनचा. दुसऱ्यावर काय कोरू विचारलं, तर म्हणालास, 'अजून ठरलं नाही. टेबलावरून आधी जो बाहेर येईल, त्याचं नाव.' दुःखात माणूस काहीबाही बोलतो. मी काही विचारलं नाही. पण दगड काढून ठेवलाय." त्याने भिंतीला टेकवलेला दुसरा दगड दाखवला. गुळगुळीत, कोरा. "मग, ठरलं का?"

कोयला टीगने उघडून धरलेलं दार आठवलं, आणि त्याचं 'आधी तू'.

तो त्या दगडाजवळ खाली बसला आणि त्याने त्याच्यावर हात पालथा ठेवला. दगड गार होता. घरी कसा जाशील? त्याने वाट पाहिली. लवंगेचा वास आला नाही. कुणी ठोकलं नाही.

"निघायचं तर लवकर नीघ," क्राउस पश्चिमेकडे बघत म्हणाला. "परत लाल व्हायला लागलंय."

कोय हलला नाही. हडसनची किल्ली त्याच्या मुठीत होती, इतकी घट्ट की तळव्यात रुतली होती. आणि बाहेर, कुंपणापलीकडच्या रस्त्यावर, वारा नसताना, ती गाडी सावकाश निघाली होती... खळ्... खळ्... ठण्.